दहातोंडे सरांची हजेरी

बसा रे. थ्री फेज लाईट यायला अजून तासभर तरी आहे. मोटरीपाशी जाऊन अंधारात उभं राहण्यापेक्षा इथं शेकोटी बरी. आसिफ, तू जरा अलीकडं सरक, सगळा धूर तुझ्याच तोंडावर जातोय.

मघाशी तुम्ही शाळेच्या जुन्या खोलीचा विषय काढलात. रात्री तिकडून जाताना सहादेव भोईटे चप्पल काढून हातात का घेतो, म्हणून हसत होतात. हसू नका. मी चौतीस वर्षं या कोळदऱ्यात पोस्टमन होतो. पत्र पोचवायचं, त्यात आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही, एवढाच धर्म पाळला. हेही तसंच सांगतो. यातलं बरंचसं सहादेवनं मला सांगितलेलं आहे. शेवटचं थोडंसं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला तो गेल्या वर्षी. २५ जानेवारीला कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, म्हणजे बाहेरगावच्या माणसांना दोन्ही सापडावं. ही गोष्ट त्याच्या आदल्या रात्रीची. २४ जानेवारी, शुक्रवार. पौष वद्य दशमी. चंद्र पहाटे उगवणार, म्हणजे रात्रभर अंधारच.

सहादेवला त्या दिवशी एकच काम दिलेलं होतं. कर्जतला जायचं आणि दहातोंडे सरांचा फोटो फ्रेम करून आणायचा. सकाळी त्याला हार घालून कार्यक्रम सुरू होणार होता.

सरांना तुमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. नेवाशाकडचा माणूस. चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये एक ट्रंक आणि एक कंदील घेऊन बैलगाडीतून वेशीत उतरला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून फोडून गाव पार खंगलेलं. सातवीच्या पुढं शिकायचं तर कर्जतला चालत जायचं. कोण जाणार? सरांनी घरोघर फिरून एकोणीस पोरं गोळा केली आणि मारुतीच्या देवळाच्या ओवरीत आठवीचा वर्ग भरवला. अठरा मुलगे आणि एक मुलगी, मुलाण्यांची फरीदा. तिच्या बापाला पटवायला सर सात वेळा गेले होते. दुष्काळी कामावरचे दगड पडून होते, ते याच पोरांनी दिवाळीच्या सुट्टीत डोक्यावरून वाहिले, गवंड्यानं फुकट भिंती चढवल्या, आणि पहिली खोली उभी राहिली. तीच ती जुनी खोली. आता तिच्यापुढं दुमजली इमारत आहे, वर्गावर्गात स्क्रीन आहेत. पण शाळा म्हणजे आधी ती एक खोली.

सरांना बायको नाही, लेकरू नाही. खोलीच्या मागं पत्र्याचं छप्पर टाकून तिथंच राहायचे. त्यांची हजेरी घ्यायची एक तऱ्हा होती. नंबर नाही पुकारायचे. पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं सावकाश. आणि पोरानं ‘हजर’ म्हटलं की मान वर करून त्याच्याकडं बघायचे. बघितल्याशिवाय पुढचं नाव नाही. पंच्याण्णवला निवृत्त झाले, ट्रंक घेऊन पुतण्याकडं निघून गेले. दोन हजार एक साली तिकडंच वारले.

सहादेव त्या पहिल्या एकोणिसांतला. एकोणिसांपैकी आठ देवाघरी गेलेले. बाकीचे कुठं कुठं पांगलेले. गावात राहिलेला हा एकटा. बायको बनुबाई तीन वर्षांपूर्वी गेली. लेक ज्ञानेश्वरी कोपरगावला दिलेली. ती दोन दिवसांआड फोन करते, पण फोन ठेवला की घर पुन्हा तेवढंच रिकामं. लिंबोणीच्या बागेत दिवस जातो. रात्र जात नाही. म्हणून त्यानं जुन्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. एकेकाचा नंबर शोधून काढला, सगळ्यांना कार्यक्रमाला यायला लावलं. गोरक्ष पठारे बारामतीहून येणार होता. अमृत खेडकर नाशिकहून पहाटेच्या गाडीनं निघणार होता. अमृत म्हणजे सहादेवचा जिवाभावाचा. एका बाकावरचे दोघं. अमृत लहानपणी बोलताना अडखळायचा, पोरं चिडवायची, आणि सहादेव त्याच्यासाठी मारामाऱ्या करायचा.

तर सहादेव दुपारी कर्जतला गेला. फ्रेमवाल्यानं आज देतो, आता देतो करत रात्रीचे नऊ वाजवले. शेवटची एसटी गेली. मग कांद्याच्या एका पिकअपनं त्याला साडेअकराला फाट्यावर सोडलं. फाट्यापासून गाव तीन किलोमीटर. फोटो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, काखेत धरलेला. निघाला चालत.

शाळा गावाच्या अलीकडं लागते, तुम्हाला माहीत आहेच. मैदानात मांडव घालून झालेला होता. खुर्च्यांच्या चळती लावलेल्या. मांडववाले पुढच्या फाटकापाशी टेम्पोत झोपलेले. तिथं एक दिवा. जुन्या खोलीकडं काही नाही.

मी त्याला नंतर विचारलं, “अरे, फोटो घरी नेला असतास, सकाळी आणून लावला असतास. रात्री कशाला गेलास?”

तो म्हणाला, “नाना, घरी कोण वाट बघत हुतं? सर काखेत हुते. म्हनलं त्यांना त्यांच्या जागी लावावं, मग घरी जावं.”

खोलीची किल्ली त्याच्याच खिशात होती. दुपारी रंगाऱ्यानं काम संपवून ती त्याच्याकडं दिली होती. खोलीला आतून चुना मारला होता, फळ्याला काळा रंग दिला होता. दोन्ही खिडक्या वारा लागू नये म्हणून आतून कड्या लावून बंद केलेल्या.

सहादेव मांडवाला वळसा घालून मागं आला. व्हरांड्याच्या पायऱ्या चढला. मोबाईलमध्ये बघितलं, बारा वाजून बावीस मिनिटं. खिशातून किल्ली काढली.

आणि आतून त्याला आवाज आला.

कुणीतरी बोलत होतं. हळू. एका लयीत.

त्याला आधी हसू आलं. कारण ग्रुपवर ठरलं होतं, कार्यक्रमात पुन्हा वर्ग भरवायचा, सगळ्यांनी बाकावर बसायचं, आणि गोरक्षनं सरांची नक्कल करून हजेरी घ्यायची. हल्ली सगळ्या मेळाव्यांत करतात तसं. गोरक्ष सरांचा आवाज हुबेहूब काढायचा. सहादेवला वाटलं, हा आदल्या रात्रीच आलाय. तालीम चाललीय. मला न सांगता! किती आनंद झाला म्हणाला. कुणीतरी आपल्या आधी येऊन बसलंय, एवढ्यानंच.

तो दाराशी गेला. कान लावला.

“सूर्यभान एकनाथ जगदाळे.”

“हजर, सर.”

उत्तर देणारा आवाज पोराचा होता. तेरा-चौदा वर्षांच्या. सहादेव म्हणाला, शाळेतली पोरं घेतली असतील तालमीला. पण एवढ्या रात्री? आणि सूर्यभान तर...

सूर्यभान ब्याण्णव साली वीज पडून गेला. त्याचं नाव कशाला घेईल गोरक्ष?

सहादेवनं दार ढकलायला हात पुढं केला. हाताला गार लोखंड लागलं.

कुलूप.

बाहेरून लावलेलं. जसं दुपारी होतं तसं. किल्ली त्याच्याच मुठीत.

(आसिफ, शेकोटीकडं बघ. मागं काय बघतोस?)

“गोरक्ष दादा पठारे.”

उत्तर नाही.

आत पानावर टाक फिरल्यासारखी खरखर झाली. मग पुढचं नाव.

“कानिफनाथ विठोबा तोरडमल.”

“हजर, सर.”

कानिफ म्हणजे एसटीत वाहक होता. करोनात गेला. त्याची राख सहादेवनंच नदीत सोडली होती.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. जे जिवंत, त्यांच्या नावापुढं आत कुणी बोलत नव्हतं. जे गेलेले... तेच ‘हजर’ म्हणत होते.

पळावं असं डोक्यात येत होतं, पण डोकं एकीकडं आणि पाय एकीकडं. फोटो काखेतून निसटायला लागला, तो त्यानं छातीशी धरला.

नावं चालली होती. सावकाश. एक नाव. उत्तर. मग थोडा वेळ काहीच नाही. तो वेळ कसला, ते त्याला कळत होतं. सर मान वर करून बघत होते.

“अमृत नामदेव खेडकर.”

सहादेवनं सुटकेचा श्वास सोडला. अमृत जिवंत होता. रात्री आठ वाजता त्याच्याशी बोलणं झालं होतं. ‘तुझ्यासाठी नाशिकचा चिवडा घेतलाय’ म्हणाला होता. इथं उत्तर येणार नव्हतं.

आत शांत.

आणि मग...

“ह... ह... हजर, सर.”

अडखळत. पोरासारखा. अगदी तसाच.

सहादेव मला म्हणाला, “नाना, भीती वाटली न्हाई रं त्या वेळी. म्हनलं, तूपन? तूपन गेलास मला ठिऊन?”

पुढं दोन नावं झाली. दोन्ही जिवंत माणसांची. दोन्हींना आत कुणी बोललं नाही. आणि त्यानंतरचं नाव कोणतं, हे त्याला पाठ होतं.

“सहादेव रंगनाथ भोईटे.”

रात्री हाक आली तर लगेच ओ देऊ नये, हे तुम्हाला आम्हाला सगळ्यांना घरात शिकवलेलं आहे. दोन हाका झाल्या तरी गप्प राहायचं. तिसरी आली तरच माणूस समजायचं. सहादेवनं गळ्यातला मफलर दातात धरला.

“सहादेव रंगनाथ भोईटे.”

दुसरी.

तो तिसरीची वाट बघत राहिला. तिसरी आली नाही.

पण पुढचं नावही आलं नाही.

आत सगळं थांबलं होतं. थांबून वाट बघत होतं. वर्गात एखादं पोर गैरहजर असलं की सर असेच थांबायचे. कुणी दाराकडं बघायचं, कुणी रिकाम्या जागेकडं. किती वेळ गेला, सांगता येत नाही म्हणाला. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं. गप्प झालं.

आता तुम्हाला एक सांगायला पाहिजे, जे सहादेवनं कुणाला सांगितलेलं नव्हतं आणि मला सांगायची गरज नव्हती. कारण ते कार्ड मीच त्याच्या हातात दिलं होतं. दोन हजार एकच्या फेब्रुवारीत. साधं पोस्टकार्ड, वाचायचं नाही म्हटलं तरी डोळ्यांना दिसतंच. ‘चि. सहादेव, तब्येत बरी नसते. पहिल्या वर्गातलं कुणी इकडं फिरकलं नाही. तुला जमलं तर एकदा येऊन जा. आ. दहातोंडे.’ एवढंच. कांदा काढणीला आला होता. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात जातो. मग त्याच्या पुढच्या. उत्तरसुद्धा लिहिलं नाही, कारण जाणारच होता. एप्रिलमध्ये दुसरं कार्ड आलं, पुतण्याचं. त्याच्या कोपऱ्यावर काळी रेघ होती.

तर त्या दाराबाहेर सहादेव उभा. आत सर थांबलेले.

एकदा त्यांनी बोलावलं आणि आपण ओ दिली नाही. आज पुन्हा बोलावतायत. आज पुन्हा गप्प बसायचं?

त्यानं मफलर तोंडातून काढला.

“सर,” तो म्हणाला, “मी... मी बाहेर हाय.”

काही नाही.

वारा नाही. पान नाही.

मग अगदी दाराच्या पलीकडून, त्याच्या तोंडासमोर, एवढ्याशा अंतरावरून...

“उशीर का?”

रागानं नाही. ओरडून नाही. सर विचारायचे तसंच.

सहादेव काय सांगणार? कांदा काढत होतो? चौसष्ट वर्षांचा माणूस, छातीशी फोटो धरून लहान पोरासारखा रडायला लागला. शाळेत उशीर झाला की दारात उभं राहून विचारायचं असायचं, ‘आत येऊ का, सर?’ विचारलं की सर मान डोलवायचे, मग आत जाऊन आपल्या जागेवर बसायचं. सगळे तिथं होते. सूर्यभान, कानिफ. आत्ता अमृतही. बाकावर त्याच्या शेजारची जागा रिकामी असणार. आणि इकडं घरी...

“नाना, खोटं न्हाई सांगत,” तो मला म्हणाला, “मला जायचं हुतं.”

तोंड उघडलं. ‘आत’ एवढा शब्द जिभेवर आला.

आणि खिशातला मोबाईल वाजला.

त्या शांततेत एवढ्या मोठ्यानं वाजला, की तो दोन पावलं मागं सरला. काढून बघितला, नाव दिसलं, अमृत. त्यानं तो कानाला लावला. पलीकडून अमृतचा मुलगा हर्षल बोलत होता.

“काका... जागे होता का? काका, बाबा गेले हो. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी. बॅग भरून ठेवली होती, झोपायला गेले, छातीत कळ आली... तुम्ही सकाळी स्टँडवर वाट बघत बसाल, म्हणून पहिला तुम्हाला केला.”

सहादेव “व्हय... व्हय बाळा” एवढंच म्हणाला. पोरगं फोनवर रडत होतं. त्याला तसं सोडवेना. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि बोलत राहिला. आईला पाणी दे म्हणाला. शेजारच्यांना उठव म्हणाला. तुझा बाप लई चांगला हुता म्हणाला. बराच वेळ बोलला. दाराकडं पाठ करून.

फोन ठेवला. स्क्रीन विझली.

मागं, आत, सरांचा आवाज पुन्हा सुरू झाला. आता लांबून आल्यासारखा.

“फरीदा नूरमहंमद मुलाणी.”

“हजर, सर.”

मुलीचा आवाज. स्पष्ट. फरीदा एकविसाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणात गेली. तिचं नाव नेहमी शेवटी असायचं.

जाड वही मिटल्यासारखा एक आवाज झाला. मग काहीच नाही.

सहादेव तिथून उठला नाही. मी त्याला नंतर म्हटलं, अरे, मांडववाले हाकेच्या अंतरावर होते, त्यांच्यात तरी जायचंस. मला वाटतं, त्याला भीती होतीच, पण त्या पायरीवरून उठून रिकाम्या घरात जायची भीती जास्त होती.

मी पहाटे साडेपाचला फिरायला निघतो. शाळेपाशी आलो तर जुन्या खोलीच्या पायरीवर कुणीतरी बसलेलं. अंगावर दव. जवळ गेलो तर सहादेव. डोळे लाल. फोटो मांडीवर. त्यानं तिथंच मला सगळं सांगितलं, मी आत्ता सांगितलं तसं. एकदाही थांबला नाही.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. कार्यक्रम छान झाला. गोरक्ष आला, बाकीचेही आले. आधी अमृतसाठी दोन मिनिटं सगळे उभे राहिले. पुन्हा वर्ग भरवायचं ठरलं होतं, ते मात्र सहादेवनं होऊ दिलं नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी तो नाशिकला गेला, हर्षलजवळ चार दिवस राहिला. तिथून येताना नेवाशाला उतरला, सरांच्या पुतण्याचं घर शोधलं, जिथं त्यांना अग्नी दिला ती जागा विचारली. आता दर महिन्याला जातो. अमावास्या, पुनव काही बघत नाही, जमेल तसा जातो. आणि इथल्या व्हरांड्यापुढून जाताना चप्पल हातात घेतो. तुम्ही हसता त्याला.

काय रे आसिफ?

व्हय. बरोबर विचारलंस. कुलूप उघडल्यावर आत काय होतं.

मी ते टाळत होतो, खरं सांगतो.

पावणेसहा झाले होते. उजाडायला लागलेलं. सहादेवच्या हातातून किल्ली मी घेतली. कुलूप मी उघडलं. दार मी ढकललं. आतून चुन्याचा आणि रंगाचा वास आला. खिडक्या बंद, कड्या लावलेल्या. बाक ओळीत. जमिनीवर रंगाऱ्याच्या चुन्याचे पांढरे थेंब पडून वाळलेले, त्यावर एकही पाऊल नाही. माणूस नाही, वही नाही, काही नाही.

मी म्हटलं, बघ सहादेवा, काही नाही.

तो फळ्याकडं बघत होता.

आता ऐका. या शाळेत सहा वर्षं खडू आलेला नाही. सगळीकडं स्क्रीन आणि मार्करचे पांढरे बोर्ड. मी नंतर मुख्याध्यापकांना विचारलं, रंगाऱ्याला गाठून विचारलं. रंगारी म्हणाला, फळा काळा करून मी कुलूप लावलं, तेव्हा रंग ओला होता, बोट लावलं तरी निघत होता.

त्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं होतं. बारीक, तिरपं, वळणदार अक्षर. मी ते अक्षर ओळखतो, किती पाकिटांवर पाहिलंय.

वार : शनिवार.

पट : १९.

हजर : ९. आमच्या माहितीचे आठ, आणि नववा अमृत.

आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ...

उशिरा येणार : १.